उभ्या गाडीची साखळी

चष्मेवाल्यांना मोटारसायकल चालवता येत नव्हती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे दर रविवारी सकाळी ते जुना शर्ट चढवून, बाह्या कोपरापर्यंत सारून शेडमधून गाडी ढकलत बाहेर काढायचे आणि तिच्यापाशी मांडी ठोकून बसायचे, तेव्हा येणारे-जाणारे एकदा मान वळवून बघायचे आणि पुढे जायचे. गाडी त्यांच्या मुलाची होती. मुलगा आता नव्हता.

तापाचं निमित्त झालं. साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल, आणि तिथून तो परत आलाच नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा, हाडापेराने मजबूत, दारातून आत येताना सवयीनं मान वाकवणारा एकुलता एक मुलगा. आई त्याला लाडानं लांबू म्हणायची, आणि तो कमावता झाला तरी ते नाव काही सुटलं नाही. आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं कामावरून येऊन गाडी शेडमध्ये लावली होती. ती तशीच राहिली.

बरेच महिने शेडचं दार कुणी उघडलं नाही. मग एकदा शिडी हवी म्हणून चष्मेवाले आत गेले. दोन्ही चाकांतली हवा गेली होती, टाकीवर धुळीचा थर बसला होता, साखळी गंजून तांबडी झाली होती. शिडी घ्यायची राहिली आणि ते तसेच कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक म्हणाला, काका, एक तर विकून टाका, नाहीतर कुणीतरी हिच्याकडे नियमानं बघायला हवं. नुसती उभी ठेवलीत तर भंगारात जाईल. विकायचं नाव निघताच चष्मेवाल्यांचा चेहरा असा काही झाला, की मेकॅनिकनं त्यांच्याकडे स्टूल सरकवलं आणि प्लग कसा काढायचा ते दाखवलं.

जन्मभर चष्म्याच्या दांड्यांचे बारीक स्क्रू पिळलेला हात तो. पान्ह्याचं वजन पेलायला त्याला वेळ लागला, पण नजर होती आणि चिकाटीही होती. हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून साखळीची कडी न् कडी घासायची, चिंधीनं कोरडी करायची, मग चाक हातानं फिरवत तिच्यावर तेल सोडायचं. एअर फिल्टर झटकायचा. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी पूड गरम पाण्यानं धुऊन वर ग्रीस फासायचं. फूटपंपानं हवा भरायची. शेवटी गाडी मेन स्टँडवर चढवून, बाजूला उभं राहूनच किक मारायची आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवायचं. मागचं चाक हवेत आपलं आपण हळूहळू फिरत राहायचं आणि चष्मेवाले ते बघत उभे राहायचे. गाडीवर मात्र ते कधी बसले नाहीत. आरसे, क्लचचा लिव्हर, गिअरचा खटका हे सगळं मुलानं आपल्या हातापायांच्या मापानं लावून घेतलं होतं. त्यातलं त्यांनी काहीच हलवलं नाही.

त्यांची बायको रविवारी सकाळी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. धुरामुळे असेल, असं चष्मेवाल्यांनी धरून चाललं होतं. विचारलं मात्र कधी नाही. दोघांमध्ये लांबूचं नाव निघतच नव्हतं. ती वाढायची, ते जेवायचे. नळ गळतोय, दूधवाला उशिरा येतो, असलं काहीबाही बोलणं व्हायचं आणि दिवस ढकलला जायचा.

पहिल्यांदा काय झालं, तर साखळी ढिली लागली.

साखळी खालून बोटानं वर उचलायची आणि किती उचलली जाते ते बघायचं, हे चष्मेवाल्यांना आता डोळे मिटूनही जमलं असतं. त्यांनी ती नीट ताणून बसवली होती, नट आवळले होते. पण पुढच्याच महिन्यात ती पुन्हा लोंबायला लागली. आपलाच हात कमी पडला असेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा ताणली. मग पुन्हा ढिली. त्यानंतर एका रविवारी मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल सापडला. पिवळसर, चिकट माती. त्यांच्या गल्लीत तसली माती नव्हती. पुढच्या दिव्याच्या काचेवर एक बारकासा किडा चिकटून वाळला होता. चष्मेवाल्यांनी तो नखानं खरवडला आणि बराच वेळ बोटावर धरून ठेवला. उभ्या गाडीच्या दिव्यावर आपटून किडा कसा मरेल?

पुढचे ब्रेक उघडले तर पॅड झिजलेले. नवे त्यांनी स्वतः घातले होते.

साखळी सुटी करून, कागदात गुंडाळून ते मेकॅनिककडे घेऊन गेले. मेकॅनिकनं ती दोन्ही हातांत आडवी धरून वाकवून बघितली आणि म्हणाला, लांबली आहे, बदला. मग त्यानं जरा थांबून विचारलं, "काका, गाडी कुणी चालवतं का?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "अधूनमधून."

"मग बरोबर आहे. उभ्या गाडीची चेन अशी लांबत नाही."

घरी येईपर्यंत त्यांना आपण खोटं बोललो असं वाटलंच नाही. दाराशी आल्यावर ते लक्षात आलं आणि ते उंबऱ्यापाशीच थांबले.

एक मार्ग होता. मीटरची केबल लांबू होता तेव्हाच तुटली होती. आज बसवतो, उद्या बसवतो, म्हणत त्याचं राहून गेलं होतं. नवी केबल बसवली, की गाडी किती चालली ते आकड्यांवरून कळलं असतं. चष्मेवाल्यांनी केबल विकत आणली, रविवारी पिशवीतून काढून मांडीवर घेतली, आणि तशीच पुन्हा पिशवीत घालून शेडच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. कळलं तर काय कळेल, याची त्यांना धास्ती वाटली. आणि खरं सांगायचं तर कळू नये, असंच त्यांना वाटत होतं.

त्या दिवसापासून त्यांच्या कामाची तऱ्हा बदलली. आधी ते गाडी मरू नये म्हणून राबत होते, आता ती कुणीतरी घेऊन जाणार आहे अशा हिशेबानं राबू लागले. चाकातली हवा दोनदोनदा तपासायची. ब्रेक दाबून बघायचा, सोडायचा, परत दाबायचा. टाकीत पेट्रोल संपत नव्हतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. गेलेला माणूस पंपावर रांगेत उभा राहत नाही, एवढं समजण्याइतके ते शहाणे होते. पण ते शहाणपण शेडच्या बाहेरच राहायचं. आत खुंटीवर लांबूचं जाकीट आणि हेल्मेट टांगलेलं होतं. एका रविवारी त्यांनी हेल्मेटच्या आत हात घातला. आतलं अस्तर दमट होतं. त्यांनी हात बाहेर काढला, आणि काही वेळानं पुन्हा घातला.

मग ते बोलायला लागले. मोठ्यानं नाही, पुटपुटल्यासारखं. पुढचा ब्रेक जपून मार. खडीवर वळवू नकोस. काम करता करता तोंडातून निघून जायचं आणि ते दचकून घराकडे बघायचे. खिडकी बंदच असायची. बायकोला यातलं काही कळता कामा नये, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ती आत्ता कुठे जरा सावरत होती. तिचं जेवण सुधारलं होतं, रात्री झोप लागत होती, गालांवर ऊन लागल्यासारखा रंग आला होता. तिच्या डोक्यात हे कुठं घालायचं?

पुढं एक दिवस दुकानात सिस्टर आल्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, चष्मेवाल्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. मधली काही वर्षं लेकीकडे राहून त्या परत आल्या होत्या. मागच्याच आठवड्यात चष्मेवाल्यांनी त्यांना नव्या काचा करून दिल्या होत्या. चष्मा नाकावरून जरा घसरतो, एवढीच त्यांची तक्रार होती. चष्मेवाले दांडी गरम करून वाकवू लागले आणि सिस्टर गप्पा मारू लागल्या. काचा किती छान झाल्यात, रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते, परवा तर पाण्याच्या टाकीच्या वळणावर तुमचा मुलगा गाडीवरून गेला, तोही लांबून ओळखला.

चष्मेवाल्यांच्या हातातली दांडी थांबली. सिस्टरना काहीच माहीत नव्हतं. आणि सिस्टरना किती अंतरावरचं किती स्वच्छ दिसतं, ते या जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बरा दिसला का?" त्यांनी विचारलं.

"तोंड कुठं दिसतंय, हेल्मेट होतं. पण बसण्याची ढब तीच. कोपरं बाहेर काढून, मान जराशी डावीकडे. दुकानात तुमचा जेवणाचा डबा द्यायला यायचा ना, तेव्हा बघितलेली."

चष्मेवाल्यांनी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर बसवला, आता घसरतो का विचारलं, आणि त्या गेल्यावर खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि भर उन्हात घराकडे निघाले.

घराला कुलूप होतं. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गाडी नव्हती. जिथं ती उभी असायची तिथं तेलाचा एक ओला ठिपका होता. खुंटीही रिकामी होती. बायको कुठं गेली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. एक बादली पालथी घालून ते दारात बसले. भीती म्हणावी तर भीती नव्हती. लहानपणी आईला यायला उशीर झाला की जसं व्हायचं, तसं होत होतं.

आवाज त्यांनी आधी ओळखला. इंजिनाची ती बारीक टिकटिक त्यांच्या ओळखीची होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, तेव्हा डावा पाय खाली सोडलेला होता, अगदी तो सोडायचा तसा. जाकीट वाऱ्यानं फुगलेलं. कोपरं बाहेर. मान जराशी डावीकडे. चष्मेवाले उभे राहिले. गाडी शेडपाशी येऊन थांबली, इंजिन बंद झालं, आणि लांबू होता तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्या तोंडून जो शब्द निघायचा तोच निघाला.

"आलास?"

एक हात वर गेला आणि हेल्मेटची पुढची काच उचलली गेली. आत चष्मा होता. ती फ्रेम चष्मेवाल्यांनी स्वतः निवडून, कानामागे दुखू नये म्हणून तीनतीनदा वाकवून बसवून दिली होती. फ्रेमच्या आतले डोळे त्यांच्या बायकोचे होते.

मग तिनं हेल्मेट काढलं, गाडी आत लावली, जाकीट खुंटीला टांगलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कधीपासून?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं, ते असं. लांबूनं तिला शेवटच्या वर्षात गाडी शिकवली होती. त्याला सुट्टी असायची तेव्हा चष्मेवाले दुकानात असायचे. मग मायलेकरं बंद पडलेल्या गोदामामागच्या मैदानात जायची. सुरुवातीला ती दोनदा पडली, गुडघा सोलला, आणि घरी पायरीवरून घसरले म्हणून सांगितलं. एकदा नीट जमली की बाबांना मागे बसवून गल्लीतून मिरवायचं, असा लांबूचा बेत होता. तो बेत राहून गेला. पुढं चष्मेवाले गाडी दुरुस्त करायला लागले, तेव्हा तो आवाज तिला ऐकवत नसे. ती खिडकी लावून कानांवर हात ठेवून बसायची. मग एका दुपारी तिला राहवलं नाही. नुसतं बसून बघावं म्हणून ती शेडमध्ये गेली. किक मारली. एका किकमध्ये सुरू झाली.

"तुम्ही ती इतकी छान ठेवली होती," ती म्हणाली. "मी काय करणार होते?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटत होतं ते मला ठाऊक आहे. एकदा खिडकीची फट राहिली होती, तेव्हा ऐकलं मी. पुढचा ब्रेक जपून मार, म्हणत होतात तुम्ही. तुमच्याजवळ तेवढं तरी काहीतरी होतं. ते मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?"

ते उठून घरात गेले.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. उलट हॉस्पिटलच्या त्या लांबलचक व्हरांड्यातून पुन्हा चालत बाहेर आल्यासारखं झालं. तेव्हा निदान माणसं भेटायला आली होती, कुणी पाठीवरून हात फिरवला होता. या वेळी गेलेल्याबद्दल कुणाशी बोलायचं? बायकोशी ते आठवडाभर नीट बोलले नाहीत. ती समोर आली की राग यायचा, आणि तो राग कशाचा ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. रविवारी ते शेडकडे फिरकले नाहीत. बायकोनं खिडकी उघडी ठेवली होती. बाहेरून काहीच आवाज येत नाही, हे दोघांनाही दिवसभर ऐकू येत राहिलं.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत असताना चष्मेवाल्यांना एकदम काहीतरी दिसलं. तो हात. काच उचलण्याआधी बायकोचा हात क्लचवर होता, आणि तिची बोटं लिव्हरला जेमतेम टोकांनी पोचली होती. लांबूचा पंजा केवढा, आणि हिचा केवढा. इतके महिने ती त्याच्या मापाच्या गाडीवरून हिंडत होती. क्लच पुरता दाबता येत नव्हता, आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता, आभाळ दिसत होतं. आणि आपण दर रविवारी ते माप जिवापाड जपत होतो. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगून ते घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, जरा बाहेर ये. गाडीवर बस."

ती बसली. त्यांनी तिला लिव्हर धरायला लावलं. बघितलं, तर खरंच टोकंच पोचत होती. त्यांनी पान्हा घेतला, लिव्हरच्या पट्टीच्या स्क्रूला लावला, आणि त्यांचा हात तिथंच थबकला. पट्टी जिथं आवळलेली होती तिथं हँडलवर वळ उमटला होता. त्याच्या आतला धातू नवा कोरा होता. लांबूनं शेवटचं जे लावलं होतं ते हेच.

बायकोनं ते बघितलं. "करा," ती म्हणाली. "मैदानात गेलो की तोसुद्धा माझ्या मापाला लावायचा. घरी यायच्या आधी परत आपल्या मापाला. तुम्हाला कळू नये म्हणून."

चष्मेवाल्यांनी स्क्रू सैल केला. लिव्हर आत घेतला, केबलची ओढ कमी केली, तिला पुन्हा पुन्हा दाबायला लावलं. गिअरचा खटका एक दात खाली घेतला. आरसे वळवून विचारलं, आता काय दिसतं? तुम्ही दिसता, ती म्हणाली. चष्म्याचा नंबर काढताना ते जसे एका काचेवर अडून बसायचे, तसंच त्यांनी त्या दुपारी चालवलं. बाहेर ऊन कलत आलं होतं. सगळं झाल्यावर पान्हे पुसून ते उभे राहिले, तर ती म्हणाली, बसा मागे.

चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीवर बसले. गल्लीतल्या लोकांनी माना वळवल्या. या वेळी मेकॅनिकनं हातातलं काम सोडून चक्क हात केला. पुढं पाण्याच्या टाकीचं वळण लागलं आणि मग पिवळ्या मातीचा कच्चा रस्ता. गोदामामागच्या मैदानात चिटपाखरू नव्हतं. मोडक्या भिंती, तुटक्या लाकडी पेट्या, आणि मधोमध चाकांनी गोल गोल फिरून पडलेली एक वाट. ती जुनी होती की हल्लीची, हे त्यांनी विचारलं नाही.

बायको उतरली. "आता तुम्ही," ती म्हणाली.

ते नको नको म्हणाले. या वयात कुठं, म्हणाले. तिनं ऐकून घेतलं नाही. शेवटी ते पुढे सरकून बसले, किक मारली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी घोड्यासारखी उसळली आणि बंद पडली. पुन्हा तेच. इंजिनाचा एकेक भाग त्यांनी हातानं पुसला होता, पण ते चालतं कसं हे पायांना माहीत नव्हतं. तिसऱ्या वेळीही बंद पडली. तेव्हा बायको मागे गेली आणि तिनं सीटमागची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "घाई कसली आहे तुला? क्लच हळू सोड. मी धरलंय मागून."

चष्मेवाल्यांच्या मानेवर काटा आला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना एकदाही एकेरी हाक मारली नव्हती, रागातसुद्धा नाही. आवाज तिचाच होता. पण ते बोलणं तिचं नव्हतं. ते इथंच, याच मैदानात कुणीतरी तिला शिकवताना बोललं होतं, आणि तिनं ते जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. आपण काय म्हणालो ते तिला कळलंसुद्धा नसावं.

मागे वळून बघावंसं त्यांना फार वाटलं. ते वळले नाहीत. समोर मैदान होतं, वाट होती, आणि आरसे तिच्या मापाचे असल्यानं त्यांना आरशात नुसतं आभाळ दिसत होतं.

"सोडू नकोस," ते म्हणाले.

"नाही सोडत," मागून आवाज आला, आणि गाडी हळूच पुढे सरकली.